घंटा वाजली की बंद

मलकापूरच्या जिनिंगमध्ये आम्ही बायका यंत्रांत कापूस भरायचो. यंत्रं फिरवणारं इंजिन अंगणापलीकडे, भिंतीआड होतं. तिकडे सांगावा धाडायला एक तार होती. ती ओढली की इंजिनघरात घंटा वाजायची. दिवसपाळीच्या इंजिनवाल्याला एक ठोका म्हणजे बंद, दोन म्हणजे जोर वाढव. रातपाळीचा दुसऱ्या गिरणीतून आलेला. त्याचं नेमकं उलटं. एकच रीत धरा असं कोणी सुचवलं की दोघं एकमेकांच्या आईवर जात. म्हणून आम्ही पाळी बघून तार ओढायचो.

एका दुपारी दिवसपाळीचा तापानं घरी गेला आणि रातपाळीचा त्याच्या जागी बसला. आम्हाला आत कोणी सांगितलं नाही. माझ्या शेजारच्या यंत्रावरच्या बाईचा, माझ्या शेजारणीचा, पदर यंत्राच्या पट्ट्यात गेला, पाठोपाठ हात. मी तार एकदा ओढली. इंजिनानं जोर धरला. त्या गोंगाटातही हाड मोडल्याचं मला ऐकू आलं. एकीनं पट्ट्यात लोखंडी सब्बल कोंबली तेव्हा पट्टा तुटला, आणि तुटताना त्या सब्बलवालीचा गाल फाडून गेला.

मग बायकांनी इंजिनवाल्याला अंगणात फरफटत आणलं. चपला, काठ्या, हाती येईल ते. त्याचे दात पडले.

"एक ठोका म्हंजे जोर. मले काय मालूम तिचा हात हाये," तो रक्त थुंकत म्हणत राहिला.

तो खोटं बोलत नव्हता. मी मध्ये पडले. एक काठी मलाही बसली.

शेजारणीचा हात कोपरावरून कापावा लागला. मॅनेजर म्हणाला, नियमांची पाटी लावू. मी म्हटलं, उद्या तिसरा इंजिनवाला आला की तो तिसरा अर्थ लावेल. घंटेचं काम फक्त बंद करणं, ठोके कितीही पडोत. जोर हवा असेल किंवा सुरू करायचं असेल तर माणूस चालत जाईल. मॅनेजर हो म्हणेपर्यंत एकही बाई आत गेली नाही.

शेजारीण परतली तेव्हा तिला तारेपाशी बसवलं. एक दिवस सगळे पट्टे अचानक थांबले. कोणीच अडकलं नव्हतं.

"काऊन ओढली वं?" मी विचारलं.

"इंजिनवाला आयकते का नाई, पाह्यलं."

मॅनेजर ओरडत आला. मी त्याला इंजिनघराची वाट दाखवली.