सासऱ्यांच्या फटफटीचं जेट

सासऱ्यांची फटफटी मी नीट केली, ही माझी चूक. बिघडवली असती तर दोन दिवस बोलणी खाऊन सुटलो असतो.

ऐंशीचं दशक सरत आलं होतं. लग्नाला वर्ष व्हायचं होतं आणि मी धुळ्याहून सावद्याजवळच्या सासुरवाडीला आखाजीसाठी जाऊन बसलो होतो. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात, निंबाला झोके बांधतात, गाणी म्हणतात. जावयानं मागोमाग जाऊन ठाण मांडावं असं कुठे लिहिलेलं नाही. पण मी बायकोला शब्द देऊन बसलो होतो. "तुझ्या वडिलांच्या गाडीवर तुला मागे बसवून डोंगरातल्या पालला फिरायला नेतो," असं नव्या नवलाईत बोलून गेलो होतो. त्यावर ती पोट धरून हसली होती. म्हणाली, "आबांनी ती गाडी अजून सख्ख्या मुलाला दिली नाही. तुम्ही कोण?"

मी कोण, हे दाखवणं भाग होतं.

आबा म्हणजे माझे सासरे, केळीचे बागायतदार. गाडी चार स्ट्रोकची, जुनी, जड. तिचा आवाज असा की एक ठोका टाकायची, एक गिळायची, पुन्हा दोन टाकायची, आणि उताराला आबांनी मूठ सोडली की सायलेन्सरमध्ये 'धडाम' करायची. पाटाच्या पुलाशी हा धडाका उडाला की साऱ्या गावाला समजे, आबा आले. मागे काळा धूर. पेट्रोल तर अशी प्यायची, जणू लग्नातला पाहुणा.

धुळ्यात आग्रा रोडवरच्या एका गॅरेजात माझी सेकंडहँड स्कूटर घेऊन मी इतक्या वेळा बसलो होतो की कंटाळून मिस्त्रीनं माझ्याच हातात पाना दिला. तिथे कार्बोरेटर उघडायला शिकलो आणि अर्धवट शिकलेल्या माणसाला येतो तसा चेव मला आला. आबांची गाडी कुठली ते बायकोकडून काढून घेऊन तिला बसतील असे तीन-चार जेट मी चुन्याच्या रिकाम्या डबीत घालून आणले होते. जेट म्हणजे करंगळीच्या नखाएवढा पितळी स्क्रू, पोटातून आरपार बारीक भोक. इंजिनात किती पेट्रोल चढायचं ते त्या भोकावर. भोक मोठं, पेट्रोल जास्त. इतकं ज्ञान मला होतं, आणि ते चेहऱ्यावरही दिसत असावं.

"आबा, गाडी बघू का जरा?"

"काहून? गाडीले काय झालं?"

"काळा धूर टाकते. पेट्रोल जास्त जातंय."

आबांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "जवाईबापू, हे यंत्र हाये. तुमच्या कचेरीतली फाईल नाई."

मग मी पैज घातली. गाडी सुधारली तर आखाजीच्या दुसऱ्या दिवशी चावी माझी, आम्ही दोघं पालला जाणार. बिघडली तर दुरुस्तीचा खर्च माझा. आबा मिशीवरून हात फिरवत म्हणाले, "करा. मी समोर बसून पाहीन."

दुसऱ्या दिवशी सकाळीच कार्बोरेटर खोलला. दुपारच्या तापलेल्या हवेत बसवलेलं माप सकाळच्या गारव्यात चुकतं, असं मिस्त्री सांगायचा. मेन जेट काढून उजेडापुढे धरलं आणि मला हसू आलं. त्या भोकातून समोरचा अख्खा झोका दिसत होता.

"आबा, हे साफ कशानं करता?"

"दाभनानं. दर दसऱ्याले."

गोधड्या शिवायच्या दाभणानं! दसऱ्याला शस्त्रपूजन, आणि त्याच शस्त्रानं जेटचं भोक दर वर्षी थोडं थोडं रुंद. हे बोलून दाखवण्याइतका शहाणा मी होतो, म्हणजे मूर्ख होतो. बोललो. आबांनी बाज जवळ ओढून घेतली.

मी डबीतलं सगळ्यात बारीक जेट निवडलं. काटकसर दाखवायची तर पुरतीच दाखवावी म्हणून. किक मारली, गाडी चालू झाली, आणि मी मिस्त्रीसारखा कान कार्बोरेटरला लावून बसलो. हवा जास्त आणि पेट्रोल कमी झालं की इंजिन उलटं शिंकतं, हे मी ऐकून होतो. पाहिलं तेव्हा. मूठ पिळताच कार्बोरेटरच्या तोंडातून एक जाळाची जीभ आली आणि माझ्या मिशीचं डावं टोक घेऊन परत गेली.

आबा बाजेवरून उठले नाहीत. "जास्तच बारीक," इतकंच म्हणाले. जेटबद्दल म्हणाले की मिशीबद्दल, मी विचारलं नाही. आतून अक्कांनी, म्हणजे सासूबाईंनी, वाटीत लोणी पाठवलं. वाटी घेऊन आलेली माझी बायको बराच वेळ पदरात तोंड घालून उभी होती.

मग त्याच्या वरचं जेट लावलं. केळीच्या बागेच्या टोकापर्यंत गाडी भरधाव नेली, तिथेच बंद केली, प्लग काढला. काजळी असेल तर पेट्रोल जास्त, पांढरा असेल तर कमी. तिसऱ्या जेटला प्लग निघाला तो ग्लुकोजच्या बिस्किटासारखा, छान तांबूस. मग हवेचा स्क्रू. आधी पूर्ण आत, मग हळूहळू बाहेर, कान देऊन, आवाज एका सुरात लागेपर्यंत. आणि लागला की. धूर नाही, गिळणं नाही, धडाम नाही. गावातल्या दूधवाल्याच्या गाडीसारखा एकसारखा, सभ्य आवाज. जुनं जेट मी डबीत टाकलं. आबांनी एक फेरी मारली, परत आले, टाकीवरून बाही फिरवली आणि प्रथमच मला "बसा" म्हणाले.

तो आनंद मला दुपारपर्यंत पुरला.

दुपारी आबा जेवायला आले तेव्हा तवा थंड होता. इतकी वर्षं पुलावरचा धडाका ऐकूनच अक्का भाकरी टाकायच्या, हे ना आबांना ठाऊक, ना मला. संध्याकाळी आबा बागेतून आले ते खुशीत.

"जवाईबापू, इतकी वर्षं मले वाटे, माझी मानसं मोठी कामाची. आज जाऊन पाह्यलं तं सारे झोपेल होते!"

दुसऱ्या दिवशी आबांना छंदच लागला. कधी नव्हे ते दिवसातून चारदा बाहेर पडायचे, कुठेही जाऊन उभे राहायचे. माझा मेहुणा गोठ्यामागे बिडीसकट सापडला. बागेतल्या गड्यांनी मला रामराम घालणं बंद केलं. अक्का तर ताटात मांडे वाढता वाढता म्हणाल्या, "तुमचा हात चांगला हाये, जवाईबापू. पन मले आमच्या यांले गरम भाकरी वाढता नाई येऊ राह्यली."

आखाजीच्या दिवशी आमरस-मांडे जेवून पुरुषमंडळी पाटाकाठच्या निंबाखाली पत्त्यांना बसली. आखाजीला पत्ते म्हणजे आमच्याकडे रीतच. आबांना मात्र पत्ते पाहवत नसत. म्हणून डाव इतक्या लांब.

"भावजी," मेहुणा पानं पिसत म्हणाला, "तुमी गाडी नाई, आमचं गाव बिघडवलं. होती तशी करून द्या."

"आणि चावी? उद्या पालला जायचंय मला."

"म्हंजे तुमी पालले जासान आन आमी फाशी."

सगळ्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी विरघळलो. डबी काढून जुनं जेट दाखवलं. म्हटलं, "उद्या चावी हातात पडू द्या. पालहून आलो की गुपचूप हेच बसवतो. म्हाताऱ्याला कळणारही नाही."

वाहवा झाली. आणि वाहवा झाली की मला थांबता येत नाही. खांद्यावरच्या पंच्याची टोपी केली, उकिडवा बसलो, मूठ पिळली आणि आबांची जुनी गाडी तोंडानं सुरू केली. ठोका टाकला, गिळला, धडाम केलं. मग उतरून बाहीनं टाकी पुसली आणि नाकातून म्हणालो, "जवाईबापू, हे यंत्र हाये."

आधी सगळे लोळून हसले. मग एकदम गप्प झाले. मला वाटलं, नक्कल इतकी हुबेहूब वठली. म्हणून पुन्हा एकदा धडाम केलं, जरा जास्त जोरात. मधेच एक फटफटी आल्याचं मी ऐकलं होतं. दूधवाला समजलो.

"पाहू डबी," मागून आबा म्हणाले.

डबी दिली. त्यांनी जुनं जेट काढलं, डोळ्याला लावून त्यातून माझ्याकडे पाहिलं आणि पाटाच्या पाण्यात फेकून दिलं. मेहुण्याच्या हातातून पत्ते घेतले, मांडी घातली. "वाटा. आखाजी हाये." आणि दिवस मावळेपर्यंत त्यांनी आम्हाला एकही डाव जिंकू दिला नाही. चावीबद्दल चकार शब्द नाही.

रात्री बायको म्हणाली, "नक्कल करायला जगात दुसरं माणूस नव्हतं?" आणि भिंतीकडे तोंड करून हसत राहिली. रागावली असती तर मला झोप तरी लागली असती.

सकाळी अंगणात फटफटी पुसून उभी होती. टाकी भरलेली. मी आंघोळ करून, उरलेल्या मिशीला तेल लावून, बुटाची नाडी पुन्हा पुन्हा बांधत ओट्यावर रेंगाळलो. बायको नवं लुगडं नेसून, डब्यात सांजोऱ्या घेऊन दारात आली. आबा बाजेवरून उठले, माझ्यासमोरून गेले आणि चावी तिच्या तळहातावर ठेवली.

"चावी तुझ्याजवळ राहू दे, बाई. तुझा नवरा हातानं बरा हाये. तोंडानं पार बिघडेल हाये."