कुलूपबंद घरातला माग

भूत, करणी, अंगात येणं... यातलं काहीही मी मानत नव्हतो, आणि खरं सांगायचं तर आजही मानत नाही. आमच्या वडगावात कुणाच्या अंगात आलं की मी मुद्दाम पुढं जाऊन बसायचो आणि विचारायचो, "देवी, माझ्या मागावरचा कुठला धागा तुटलाय तेवढं सांग." लोक मला उठवून बाहेर काढायचे. असला माणूस म्हातारपणी भुताखेतांच्या अनुभवांच्या या सदरात लिहायला बसलाय म्हणून घरात हसाहशी चाललीय. हसू देत. जे झालं ते सांगतो.

महायुद्ध संपलं होतं, स्वातंत्र्य यायचं होतं. बेळगावजवळच्या वडगावात आमच्या गल्लीत घरोघरी हातमाग. खड्ड्यात पाय सोडून बसायचं, उजव्या हातानं दोरी ओढली की आडवा धागा घेऊन धोटा पलीकडे पळतो, डाव्या हातानं फणी ठोकायची. दिवसभर मान खाली. तिशी ओलांडली आणि माझी मान धरली. मानेतून कळ निघायची ती थेट उजव्या अंगठ्यापर्यंत. विटेचा शेक झाला, तेल झालं, एका पैलवानानं मान कडाकडा मोडूनही पाहिली. त्यानंतर तर हातातून चहाचा पेलाही निसटायला लागला.

नेमकी त्याच वेळी मागावर इंदूची साडी होती. इंदू म्हणजे माझी बायको. सगळा जन्म दुसऱ्यांच्या बायकांसाठी विणलं, म्हटलं एक हिच्यासाठी विणावी. हिरवी, लाल काठाची. अर्धी झाली आणि हातानं दगा दिला. दोरीला ओढच बसेना, धोटा निम्म्यात अडकायचा, काठ वेडावाकडा यायचा. मला दुसरा धंदा येत नव्हता. हात गेला म्हणजे मीच गेलो, असं मला वाटायचं, आणि मी ते इंदूला बोलूनही दाखवायचो.

बेळगावच्या हॉस्पिटलात लष्करातून परतलेले एक सर्जन आले होते, पुण्याकडचे. त्यांनी पाठीत सुईनं औषध सोडून, टेबल तिरकं करून मानेचा एक्स-रे काढला. म्हणाले, "दोन मणक्यांच्या मधे गादी असते. तुमची गादी फुटून बाहेर आलीय आणि हाताच्या शिरेवर बसलीय. मागून मणक्याचं हाड काढून ती बाहेर घ्यावी लागेल."

"हात येईल का?"

"येईल असं वाटतं. पण जागा वाईट आहे. पाय जाऊ शकतात, जीवही जाऊ शकतो."

इंदू म्हणाली, "करू नका." मी म्हणालो, "करा."

मला टेबलावर पालथं झोपवलं, तोंडावर जाळी आली, ईथरचा गोडसर घाण वास आला... आणि तिथून पुढचं मला काहीच माहीत नाही. आता लिहितो ते इतरांनी सांगितलेलं.

बाहेर व्हरांड्यात इंदू आणि तिचा भाऊ भीमा बसले होते. बराच वेळ झाला. मग आतून एक वॉर्डबॉय घाईघाईनं आला आणि दारावरच्या माणसाला कन्नडमध्ये म्हणाला, "उसिरु निंतैती." श्वास थांबलाय. एवढंच. आमचा मेहुणा एरवी स्वतःच्या चपला शोधायलाही तासभर लावणारा, पण त्या दिवशी त्यानं कुणाला काही विचारलं नाही. सायकल काढली आणि सुटला वडगावकडे. इंदू मात्र हलली नाही. "मला कुणी येऊन सांगितलं न्हाय अजून," म्हणाली आणि बसून राहिली.

आमच्या गल्लीत कुणी गेलं की माग थांबतात. कुणाला थांबवा म्हणावं लागत नाही. एकानं थांबवला की शेजारचा थांबवतो. भीमा कोपऱ्यावरच ओरडला, "दाजी गेलं रं! दाजी गेलं!" भर दुपारची वेळ, सगळे माग चालू होते. एकेक करत थांबले. गल्ली गप्प झाली.

आणि एक माग चालूच राहिला.

शेजारचे नागाप्पा आप्पा गल्लीतले सगळ्यांत वडील. ते चिडून बाहेर आले. "कोन हाय रं त्यो? मानूस गेलाय, कळत न्हाय व्हय?" आवाजाच्या मागे पाच-सहा जण निघाले... आणि आमच्या दारात येऊन थांबले. दाराला कुलूप. आम्ही दोघंही हॉस्पिटलात, किल्ली आप्पांच्या कनवटीला. आणि आतून खट-खटाक, खट-खटाक...

भीमानं आप्पांचा हात धरला. तो म्हणाला, "आप्पा, उघडू नगा."

आप्पांनी उघडलं. दार आत ढकललं आणि आवाज बंद झाला. आत कुणी नाही. खड्डा मोकळा. मागाची दोरी तेवढी हलत होती. मागोमाग आलेल्या बायका तिथूनच पळाल्या. आप्पा उंबऱ्यावर मटकन बसले.

भीमा रडत परत हॉस्पिटलात आला, तर इंदू म्हणते, "कुठं गेलतास? शुद्धीवर यायला लागल्यात ते."

मला यातलं काही कुणी तिथं सांगितलं नाही. टाके निघाले, मानेची कळ गेली होती, मी खुशीत घरी आलो, तर गल्लीतले लोक माझ्याकडे डोळे फाडून बघायला लागले. शेवटी आप्पांनी सांगितलं. मी भडकलोच. "मी मरायला टेकलोय आणि तुमास्नी थट्टा सुचतीय? कोन बसलंतं माझ्या मागावर?"

आप्पा एवढंच म्हणाले, "कापड बघ आदी."

मी बघितलं. माझ्या आजारी हातानं विणलेला वाकडा काठ होता, तो जिथं संपला होता तिथून पुढं वीतभर नवं कापड होतं. सरळ, घट्ट, सुतात. म्हटलं, कुणीतरी चांगला विणकर बसवलाय. मग मी बोट फिरवलं. धोट्यातल्या कांडीवरचा धागा संपला की नवा धागा काठाशी जोडतात. मी तो चार बोटं आत जोडतो. वाईट खोड आहे, तिच्यापायी वडिलांच्या शिव्या खाल्ल्यात, गल्लीत दुसरं कुणी असं करत नाही. त्या वीतभर कापडात धागा चार बोटं आत जोडलेला होता.

हात माझा होता. चांगला असतानाचा माझा हात. मी तसाच खड्ड्यात उतरलो आणि दोरी ओढली. धोटा जागचा हललाही नाही.

पुढं तपासणीसाठी गेलो तेव्हा इंदू बरोबर होती. मागाचं एक अक्षर आम्ही डॉक्टरांना सांगितलं नव्हतं. मी फक्त म्हणालो, "ऑपरेशनच्या वेळी काय झालं होतं?"

"आता सांगायला हरकत नाही," ते म्हणाले. "तुमचा श्वास थांबला होता. आम्ही रबरी फुग्यानं हवा भरत राहिलो, बराच वेळ. माझा मदतनीस म्हणाला, सोडा आता. पण तुमचा उजवा हात हलत होता."

"कसा?"

डॉक्टरांनी मूठ वळली, वर नेली आणि झटक्यात छातीकडे ओढली. पुन्हा वर नेली, पुन्हा ओढली. "असा. ज्या हाताला पेला धरवत नव्हता तो हात. शीर चाळवली गेली की होतं असं कधीकधी. पण तो चालू होता म्हणून मी थांबलो नाही."

इंदूनं विचारलं, "आनि थांबला कवा?"

"एकदम थांबला. आणि लगेच यांनी श्वास घेतला."

घरी येताना इंदू म्हणाली, "आप्पांनी दार ढकललं तवाच."

मान पुन्हा कधी दुखली नाही. उजव्या हातानं जेवतो, हेही त्याच हातानं लिहितोय. पण दोरीची ती ओढ परत आली नाही. खूप रडलो त्यासाठी, लाजायचं काय त्यात. शेवटी इंदूच खड्ड्यात बसली आणि मी तिच्या कांड्या भरायला लागलो. सबंध गल्लीनं माझी चेष्टा केली. साडी तिनंच पुरी केली.

हात हलण्याचं कारण डॉक्टरांनी दिलं. कुलपाआड कापड कसं वाढलं याचं कारण मला कुणी दिलेलं नाही, आणि मी ज्यांना ज्यांना विचारलं त्यांतले निम्मे हसले. इंदूचं मात्र ठाम मत आहे. आप्पांनी दार उघडायला नको होतं म्हणते. साडी पुरी होऊ द्यायची होती, हात बरा झाला असता.

मी म्हणतो, "साडी पुरी झाली असती गं. पन मग ती हिरवी साडी तुला नेसू कोन देनार हुतं?"