गाळपेरातली रास

आबा उजवी टाच तापीकाठच्या गाळात दाबायचे, पाय उचलायचे आणि खळग्यात पाणी झिरपतं का ते बघायचे. खळगा कोरडा राहिला की म्हणायचे, "पाणीले आजून वखत शे."

सारंगखेड्याजवळच्या आमच्या गावात त्यांची आणि आमची गाळपेराची जमीन शेजारी. नदी ओसरली की सरकार ही पात्रातली जमीन एका हंगामापुरती पट्ट्याने देतं. कॉलेजात जाणारी घरातली मी पहिली, म्हणून अटी मी वाचून दाखवायचे. मुदतीआधी पीक काढायचं, काढलेला माल पात्रात साठवायचा नाही.

"वकिलीणबाई, नदीनी सही कोठे शे?" आबा विचारायचे. मलाही हसू यायचं. तुम्ही त्यांना पाहिलं असतं तर तुम्हालाही वाटलं असतं, नदी यांना विचारूनच वाढत असेल.

यंदा भुईमूग छान आला. आम्ही शेंगा गावात नेल्या. आबांची रास मात्र पात्रातच, ताडपत्रीखाली. त्यांच्या घरी राशीतलं पहिलं सूप लेकीचं. ती सूप भरून घेईपर्यंत रास हलवायची नाही. लेक गुजरातेत मजुरीला गेलेली, दुसऱ्या दिवशी येणार होती.

दुपारी पाटबंधारे खात्याचा माणूस काठावरून ओरडला, "आबा, मुदत संपली! वरच्या धरणातून पाणी सोडताहेत, माल उचला!"

"काल बी हाईच बोलना," आबा पुटपुटले.

माझे वडील म्हणाले, "आबा, ट्रॅक्टर शे ना. भरी लेऊत."

"सकाय पोर येवाले शे. तिले काय, रिकामी जागा दखाडू?"

आभाळ स्वच्छ होतं. पात्रात रोज दिसणारे बगळे मात्र नव्हते. आबांनी टाच रोवली, उचलली. खळगा हळूहळू भरला.

वडील ट्रॅक्टर आणायला गावात धावले.

"तू वर चाल, बेटा," आबा मला म्हणाले. "मी तिन्ह्या सूपभर शेंगा तेवढ्या लई येस."

मी काठ चढले. आधी आवाज आला, मग पाणी. मागे वळले तेव्हा ताडपत्री तरंगत होती. आबा दिसले नाहीत.

सकाळी लेक आली. हातात माहेरचं रिकामं सूप घेऊन ती काठावर बसली.

"पाणी कधय उतरी वं?" तिने विचारलं.

नकळत मी गाळात टाच रोवली. पाय उचलायचं धाडस मात्र झालं नाही.