डायपर घालून रोडग्यांच्या पंगतीत

हसणं मी सोडूनच दिलं होतं. शिंक, खोकला आपल्या हातात नसतो, पण हसणं टाळता येतं. शाळेतून निवृत्त झाले आणि लघवीवरचा ताबाही गेला. जरा जोरात हसलं की साडी ओली. म्हणून अकोल्याहून अमरावतीला धाकट्या बहिणीकडे जाणं बंद केलं. ती बोलायला लागली की धडधाकट माणसांचंही काही खरं नसतं.

यंदा तिने शेतात रोडग्यांचं जेवण ठेवलं आणि फोनवर बजावलं, "ताई, आता नाही आली तं मी समजीन का नातं संपलं." डॉक्टरीणबाईंनी डायपर सुचवलेच होते. मी ह्यांना जठारपेठेत पाठवलं. जन्मभर कोर्टात वकिली केलेल्या माणसाची औषधाच्या दुकानात बोबडी वळली. "आईसाठी पाहिजेत," म्हणाले. दुकानदार ओळखीचा. शांतपणे म्हणाला, "काका, आजीच्या तेरवीले मी जेवलो ना तुमच्या घरी." पुडा मात्र त्याने मुकाट्याने वर्तमानपत्रात बांधून दिला.

मग घरात तालीम. डायपरवर साडी नेसून मी बैठकीत येरझारा घालायच्या आणि विचारायचं, "वाजते का हो?"

"पंखा बंद करू दे, मंग सांगतो," हे अगदी गंभीरपणे म्हणायचे.

वाजत नव्हतं. तरी भीतीपोटी मी त्या दिवशी एकावर एक दोन चढवले. शेतात पोचताच बायकांनी मला खालून वर न्याहाळलं. "तब्येत सुधरली हो तुमची," एक जण म्हणाली, "अंग धरलं." मी खुशाल मान डोलावली. आतून नुसत्या हसण्याच्या उकळ्या फुटत होत्या.

पोत्यांवर पंगत बसली. एका ओळीत आम्ही बायका, समोर पुरुष. गोवऱ्यांवर भाजलेले रोडगे, वांग्याची भाजी, वरून तुपाची धार. शेजारी बसलेल्या बहिणीला माझ्या अंग धरण्याचा संशय आलाच. "ताई, काय लपवून राहिली?" मी तिच्या कानात सगळं सांगितलं, तेरवीसकट. तिचा घास नाकात गेला, आणि तिला पाहून माझा बांध फुटला. पोट धरून, डोळ्यांना पाणी येईस्तोवर हसले. मधेच जे व्हायचं ते झालंच, मला कळलं. पण साडी कोरडी, खालचं पोतं कोरडं, आणि कोणाच्या बापाला पत्ता नाही. मला इतका आनंद झाला की आणखीच हसू आलं.

समोर ह्यांचा घास हातातच राहिला. माझं असं हसणं म्हणजे संकट, हे त्यांना पाठ. भरल्या पंगतीतून उठणं आमच्याकडे फार वाईट दिसतं. तरी खिशातली गाडीची चावी चाचपत ते अर्धे उठलेच. मी हाताने खुणावलं, बसा, जेवा. आणि वाढणाऱ्याकडे अजून एक रोडगा मागितला.