मालकांच्या फोटोतली साखळी

“पुढे या. वाका. सगळ्यांची माफी मागा.”

इथे जपानमध्ये, ओजिमातल्या आमच्या जेवणाच्या डब्यांच्या कारखान्यात काम सुरू होण्याआधी रोज सभा भरते. आम्ही बाया रांगेत उभ्या राहून कंपनीचे नियम एका सुरात म्हणतो. जिची चूक, तिने पुढे जाऊन वाकायचं. गेल्या आठवड्यात मालकांनी एका व्हिएतनामी पोरीला वाकवलं, जपानी नीट येत नाही म्हणून. काल मला. माझ्या अंगाला फोडणीचा वास येतो म्हणे. अगं बाई, आंघोळ करून, धुतलेले कपडे घालून आलेली मी! वाकले. कान नुसते तापले होते.

सभेनंतर मालकांची खोली पुसायची पाळी माझी. भिंतीवर त्यांचा तरुणपणीचा फोटो. डोक्यावर हेल्मेट, तोंडाला टॉवेल, दोन्हीकडच्या पोरांच्या कोपरात कोपर अडकवून रस्ता अडवलेला. म्हातारा आल्यागेल्याला तो कौतुकाने दाखवतो. मलाही दाखवला.

“अडुसष्ट साली जगभर पेटलं होतं. विद्यापीठ आम्ही बंद पाडलं. कामगारही सोबत होते. कुणापुढे वाकलो नाही.”

जळफळाट झाला माझा. खरं सांगते, अपमानापेक्षा तो फोटो जास्त झोंबला. याला गर्दी मिळाली, घोषणा मिळाल्या, सोबती मिळाले. पुण्यात आमच्या कॉलेजचा मोर्चा निघाला, तेव्हा आईने बाहेरून कडी घातली. मी आपली खिडकीतून घोषणा ऐकत बसले. आणि हा स्वतः ताठ राहून आता मला वाकवतो. मेल्या, तुझी क्रांती तुलाच लखलाभ!

नवरा म्हणाला, “अगं, सॉरी म्हणून मोकळं व्हायचं. इथे असंच असतं. नाहीतर सोड ना, पार्टटाइम तर आहे.”

त्याला पार्टटाइम. माझं इथे स्वतःचं तेवढंच आहे.

आज पुन्हा मला बोलावलं. तोच वास. मी पुढे गेले, ताठ उभी राहिले. मोडक्या जपानीत म्हणाले, “फोटोतले तुम्ही वाकला नाहीत. मीही वाकणार नाही.”

मालक लाल झाले.

“तो काळ वेगळा होता. उद्या वाकायचं, नाहीतर यायचं नाही.”

मी जाणार. हेवा अजून गेलेला नाही, जाऊही नये. उद्या त्या व्हिएतनामी पोरीच्या शेजारी उभी राहणार. तिच्या कोपरात कोपर अडकवणार. तिने सोडवून घेतलं, तर एकटी उभी राहीन. हाकललं, तर दारात उभी राहीन. वाकणार नाही.