गमछ्याखालची पटकथा

बालाघाटच्या गल्लामंडीत मी धानाचा दलाल होतो. आमच्याकडे भाव तोंडाने बोलत नसत. घेणारा आणि विकणारा गमछ्याखाली हात घालत, बोटं दाबून आकडा सांगत, आणि वर मात्र एकमेकांच्या बैलांची चौकशी चाले. सौदा पटला की हात जोरात दाबायचा. कागद नाही, सही नाही. सातवीनंतरचं माझं सगळं शिक्षण या गमछ्याखाली झालं. बुडालोही त्याच सवयीने.

माझ्या वर्गातला एक जण मुंबईला जाऊन सिनेमावाल्यांत शिरला होता. एका दिवाळीला तो गावी आला, तेव्हा वैनगंगेच्या काठावर बसून मी त्याला एक गोष्ट सांगितली. नदीवर पूल होतो, डोंगा चालवणाऱ्याला काम उरत नाही, तरी तो रोज सकाळी डोंगा घेऊन पुलाखाली उभा राहतो. गोष्ट संपली तसा त्याने माझा हात जोरात दाबला. "पडद्यावर तुझंच नाव येईल," म्हणाला. हात दाबला, म्हणजे माझ्या लेखी सौदा पक्का.

दोन वर्षांनी आमच्याच टॉकीजमध्ये तो डोंगा पाहिला. तो पूलही होता. नावं सरकत गेली, त्यात मी नव्हतो. मी खुर्चीवर उभा राहून ओरडायला लागलो, तेव्हा दोघांनी धरून मला बाहेर काढलं. भर बाजारपेठेत, ओळखीच्या लोकांसमोर.

त्या दिवशी ठरवलं, आता गोष्ट सांगायची नाही. अख्खी पटकथा कागदावर लिहायची, आणि नाव लावूनच द्यायची.

पण लिहिता येईना. बाजार उठला की गोदामामागच्या खोलीत बसायचो. एक खिडकी, तीही पोत्यांच्या थप्पीने झाकलेली. गोंदियाला जाणाऱ्या छोट्या गाडीची शिट्टी ऐकू यायची आणि वाटायचं, सगळं जग त्या गाडीत बसून निघून जातंय आणि मी 'सीन पहिला' या दोन शब्दांखाली गाडला गेलोय. बाजारात अर्ध्या जिल्ह्याला बोलण्यात गुंडाळणारा मी, पण कागदावरची माझी माणसं शाळेतल्या भाषणासारखी बोलत. असे सहा-सात महिने गेले. धंदा सोडून जाता येत नव्हतं, आणि लिहिणंही सोडवत नव्हतं.

एकदा बायको चहा घेऊन आली आणि उभ्या उभ्या पान वाचू लागली.

"हे काय लिवलं? बाप पोरीले सरळ सांगून राह्यला, 'मले तुही लय आठवन येईन.' असं कोनी बोलते काय?"

"मग काय बोलते?"

"'शिदोरी घेतली काय?' म्हनते. मंडीत तुमी असं पोटातलं बोल्ले असते, तं आपन उपाशी मेलो असतो."

मी वही भिंतीवर फेकली. तिने ती उचलून टेबलावर ठेवली आणि गेली. चहा गार होईपर्यंत मी त्या वहीकडे बघत बसलो.

मग पान उभं दुमडलं. डाव्या बाजूला गमछ्याखालचं: कोणाला काय हवंय, आणि तो कुठपर्यंत खाली येईल. उजव्या बाजूला तोंडचं बोलणं. डावीकडचा एक शब्दही उजवीकडे येऊ द्यायचा नाही. तरी सीन अडला की बायकोला समोर बसवायचो. हातांवर गमछा. एका पात्राचं मी बोलायचो, दुसऱ्याचं ती. तिला पटलं नाही की ती बोटं पिळायची. तिने हात दाबला, की सीन संपला. बाजारात तिच्याइतकं चिवट गिऱ्हाईक मला भेटलं नाही. होळीपर्यंत पटकथा पूर्ण झाली.

त्या उन्हाळ्यात तो मुंबईवाला वर्गमित्र कोणाच्या तरी लग्नासाठी गावात आला आणि आपण होऊन गोदामात आला. आता तो स्वतः दिग्दर्शक होता.

"काय सेठ, ऐकलं की नवीन काही लिहिलंस? सुना दे यार."

"ऐकवणार नाही. वाच. आधी सही कर, की हे माझ्याकडून घेतलंस."

"मंडीत कोणाला सही मागतोस?"

"मंडीत कोणी चोरत नाही."

तो हसला. "मागचं सोड. या वेळी तुला काय पाहिजे, ते बोल."

मी बोललो. डोंगा काढला, टॉकीज काढलं, सातवीत त्याने माझ्या वहीतून उतरवलेली गणितं काढली. सही, साक्षीदार, स्टँप. आवाज रस्त्यापर्यंत गेला असणार. तो अर्धा चहा ठेवून उठला. पटकथा टेबलावरच राहिली.

बायको दारात उभी होती.

"अवो, पडद्यावर नाव पायजे, हे तं सांगतलंच नाही तुमी."

"मग एवढा वेळ काय करत होतो?"

"भांडून राह्यलते. त्यानं इचारलं व्हतं न."

तो पुन्हा आला नाही. माझ्या दोन पत्रांना उत्तर नाही. पुढे त्याच खोलीत, त्याच रीतीने, मी आणखी चार पटकथा लिहिल्या. एकही बालाघाटच्या बाहेर गेली नाही.

तो चहा ठेवून उठला, त्या दुपारचा सीनही लिहायला घेतला होता. पान दुमडलं, डावीकडे माझ्यापुढे लिहिलं: पडद्यावर नाव. त्याच्यापुढे, म्हणजे त्याला काय हवं होतं तिथे, 'चोरी' लिहिलं आणि गमछ्याखाली बायकोपुढे हात धरला. तिने बोटं अशी पिळली की मला तो शब्द खोडावा लागला. ती जागा अजून कोरी आहे.