मधल्या मुलाला किती मिळतात?

बारावीचा निकाल लागला त्या उन्हाळ्यात आम्हाला चेन्नईत येऊन तीन वर्षं झाली होती. बाबा बँकेत, बदलीनं आलेले. मला गुण चांगले होते, पण तिथल्या सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजांसाठी आमचं वास्तव्य कमी पडत होतं, आणि महाराष्ट्रात अर्ज करावा तर शाळा तिकडची नव्हती. दोन्हीकडून नकार आला. मग उरलं ते शहराबाहेर, तांबरमच्या पुढचं खाजगी विद्यापीठ. त्यांची प्रवेश परीक्षा मी दिली होती आणि त्यांचं पत्रही आलं होतं.

आई खूश होती. मी तर तिथल्या हॉस्टेलमध्ये मनानं राहायलाच गेले होते. बाबा मात्र म्हणाले, "आधी बघून येऊ." बँकेत ते शैक्षणिक कर्जाचे अर्ज तपासायचे. हप्ते थकल्यावर मुलांचे वडील समोर येऊन कसे बसतात, हे ते घरी कधी सांगत नसत.

विद्यापीठाच्या प्रवेश कार्यालयात इतका गारवा होता की माझ्या अंगावर काटा आला. सारख्या रंगाच्या रेशमी साड्या नेसलेल्या मुली पालकांना कॉफी आणून देत होत्या. आमच्या वाट्याला आलेली मुलगी माझ्याहून फार तर चार-पाच वर्षांनी मोठी असेल. तिनं माझा रँक पाहिला आणि फीचा तक्ता पुढे केला. रँक जितका खाली, तितकी फी जास्त.

बाबांनी तक्ता नीट वाचला. "आणि अगदी तळाचा रँक असेल तर?"

"त्यांच्यासाठी वेगळी कॅटेगरी आहे, सर."

"म्हणजे प्रवेश कोणालाच नाकारत नाही?"

ती हसली. "आम्ही सगळ्यांना संधी देतो, सर."

मग तिनं त्या वर्षीचं सर्वांत मोठं पॅकेज सांगितलं. बाबा म्हणाले, "ते एकाला मिळालं. मधल्या मुलाला किती मिळतात? पहिलाही नाही, शेवटचाही नाही, त्याला?"

हा प्रश्न तिला कुणी विचारला नसावा. "सरांना विचारून येते," म्हणून ती आत गेली आणि बराच वेळ आलीच नाही. मी उठून भिंतीजवळ गेले. कंपन्यांच्या नावांखाली निवड झालेल्या मुलांचे फोटो ओळीनं लावले होते. तिसऱ्या ओळीत मला अण्णा दिसला.

अण्णा आमच्याच इमारतीत, क्रोमपेटला, खालच्या मजल्यावर राहायचा. बिल्डिंगमधली सगळी पोरं त्याला अण्णाच, म्हणजे तमिळमध्ये दादा, म्हणत. त्यांचं घर तंजावरच्या मराठ्यांचं. त्याच्या आईला मी मामी म्हणायचे. मामींचं मराठी जुन्या वळणाचं, 'आम्हांस-तुम्हांस'चं, आणि हेल मात्र पुरा तमिळ. सुरुवातीला आम्हाला हसू यायचं. पण परक्या गावात खालच्या मजल्यावर मराठी ऐकू येणं ही आईला केवढी सोबत होती! रोज दुपारी दोघी जिन्यात भाजी निवडत बसत. मामींचे यजमान नव्हते. अण्णाच्या शिक्षणासाठी त्यांनी तंजावरकडची घराण्याची जागा विकली होती, आणि आता तो शोळिंगनल्लूरला मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीत लागलाय, हे त्या प्रत्येकाला सांगत. अण्णा सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर पडे, ते आम्ही रोज पाहत होतो.

"बाबा, हा बघा आपला अण्णा!"

बाबांचा चेहरा उजळला. "झालं तर मग. याच्याकडून खरं काय ते कळेल."

त्याच संध्याकाळी आम्ही तिघंही खाली गेलो. मामींनी कॉफी केली. बाबांनी विचारलं, "काय रे, कॉलेज कसं आहे? हिला घालावं का?"

अण्णानं स्वतःच्या आईकडे पाहिलं. मामी दाराशी उभ्या राहून कौतुकानं ऐकत होत्या.

"चांगलं आहे, अंकल," तो म्हणाला. "लॅब चांगल्या आहेत. कॅम्पस चांगला आहे."

"आणि नोकरीचं?"

"माझं झालं ना," एवढं बोलून तो पाणी प्यायला आत गेला.

मला तेवढं पुरेसं होतं. आईलाही. शनिवारी बँकेतून डिमांड ड्राफ्ट काढायचं ठरलं.

शनिवारी सकाळी बाबा आणि मी क्रोमपेट स्टेशनच्या जिन्यावर असताना मागून कुणीतरी धावत आलं. अण्णा होता. त्याला धाप लागली होती.

"अंकल, पैसे भरले?"

"नाही अजून. आत्ताच चाललोय."

तो कठड्याला टेकला. मग इंग्रजी, तमिळ आणि त्याच्या मराठीच्या खिचडीत त्यानं जे सांगितलं ते असं. कंपनीनं ऑफर लेटर दिलं ते खरं होतं. कॉलेजनं त्याच आठवड्यात फोटो काढून भिंतीवर लावला. मग मंदी आली. कंपनीनं रुजू व्हायची तारीख पुढे ढकलली, मग आणखी पुढे, आणि आता फोनही उचलत नव्हते.

"मग तू रोज जातोस कुठे?" बाबांनी विचारलं.

"शोळिंगनल्लूरलाच. एका छोट्या ऑफिसात अमेरिकेतल्या दवाखान्यांची बिलं टाइप करतो. त्याला इंजिनिअर लागत नाही, अंकल, बारावी पुरते. माझ्या वर्गातले आणखी काही जण तिथेच आहेत. काही जण आमच्याच कॉलेजात लॅब शिकवतात. तेपण भिंतीवर आहेत."

"आणि आईला?"

त्यानं मान हलवली. "तिला माहीत नाही. प्लीज, कोणाला सांगू नका. त्या दिवशी तिच्यासमोर मला बोलता आलं नाही. पण हिचा विचार करून झोप येईना."

बाबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "नाही सांगणार," ते म्हणाले, आणि माझ्याकडे बघून, "हीसुद्धा नाही."

आमची गाडी आली आणि गेली. आम्ही घरी परतलो.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. बाबा आईला एवढंच म्हणाले, "मला ते कॉलेज पटत नाही." आईला कारण हवं होतं आणि बाबांना ते सांगता येत नव्हतं, कारण तिला कळलं की दुपारी जिन्यात मामींना कळणार. "खालचा मुलगा शिकून नोकरीला लागला, डोळ्यांसमोर आहे," आई म्हणाली. "मुलगी आहे म्हणून हात आखडताय का?" मी ऐकत होते. मला सगळं माहीत होतं, तरी बाबांचा राग मलाही येत होता. बरोबरच्या मैत्रिणी त्याच विद्यापीठाच्या हॉस्टेलसाठी बादल्या आणि गाद्या विकत घेत होत्या. मंदी काय कायम राहणार आहे, असं मला वाटे. अण्णा उगाच आला, असंही वाटे, आणि मग स्वतःचीच लाज वाटे.

मामींनी तर ते मनालाच लावून घेतलं. "आमच्या मुलाचं कॉलेज तुम्हांस हलकं वाटलं काय?" असं त्यांनी आईला सरळ विचारलं. दुपारची बैठक बंद पडली.

मी तांबरमच्या एका जुन्या कॉलेजात संख्याशास्त्राला प्रवेश घेतला. फी इतकी थोडी होती की आईला त्याचाही अपमान वाटला.

अण्णानं घरी सांगितलं ते पोंगलच्या, म्हणजे संक्रांतीच्या, आसपास. कंपनीनं ऑफर रद्द केल्याचा ईमेल आला, तेव्हा. दुसऱ्या दिवशी मामी वर आल्या. बाबा पेपर वाचत होते. त्या बसल्या नाहीत.

"तुम्हांस उन्हाळ्यापासून माहीत होतं," त्या म्हणाल्या.

"त्यानं शब्द घेतला होता, मामी."

"तुमची पोर वाचावी म्हणून तो स्टेशनवर धावला. चांगलं केलं. पण त्यानं तुम्हांस आधी सांगितलं, आणि मला शेवटी." त्यांचा आवाज चढला नाही. "मी काय विकलेल्या जागेसाठी रडले असते? गेली ती गेली. रोज सकाळी मी त्याचा शर्ट इस्त्री करत होते. कशासाठी, ते तरी मला माहीत असायला हवं होतं."

बाबा उभे राहिले. आई स्वयंपाकघराच्या दारात होती. तिला सगळं तेव्हा, असं कळलं. मामी गेल्यावर ती बाबांशी दोन दिवस बोलली नाही. कॉलेजबद्दल तिची काहीच तक्रार उरली नव्हती. आपल्याला विश्वासात घेतलं नाही, हे तिला लागलं होतं.

पुढे बाबांच्या सांगण्यावरून अण्णा बँकेच्या परीक्षांना बसू लागला. दुसऱ्या खेपेला त्याची क्लार्क म्हणून निवड झाली, विळुपुरमकडच्या एका शाखेत. मामी त्याच्याबरोबर गेल्या. जाताना आईला भेटल्या, हातात हात घेतला, पण पूर्वीची मोकळीक आली नाही.

त्या विद्यापीठात गेलेल्या माझ्या मैत्रिणींचं मात्र वाईट झालं नाही. त्या बाहेर पडेपर्यंत बाजार सावरला होता आणि त्यांतल्या बहुतेकींना नोकऱ्या मिळाल्या. एकीचं लग्न ठरलं तेव्हा बाबा तिच्या वडिलांना भेटले. पगार, कंपनी, सगळं ऐकून घेतलं. परतताना लोकलमध्ये ते मला म्हणाले, "तू गेली असतीस तर तुलाही नोकरी मिळाली असती."

"कदाचित," मी म्हणाले.

पल्लावरम स्टेशन मागे पडल्यावर ते उतरायला उठले. मग म्हणाले, "मी तेव्हा काय करायला हवं होतं?" मला ते आजही सांगता येत नाही.